डिस्कची वाटणी करणारा न्येन हुओ-वांग

न्येन हुओ-वांगला आमच्या शाळेत कुणी शिक्षक म्हणत नसे, कारकूनही म्हणत नसे. शिपाई म्हणायची तर कुणाची छातीच नव्हती, कारण मग कम्प्युटर बंद पडल्यावर बोलावणार कुणाला? म्हणून सगळे त्याला वांग-को म्हणत. म्हणजे वांगदादा. हजेरीपटावर त्याचा हुद्दा 'तांत्रिक सहायक, पंखे व दिवे' असा होता. पंखे दुरुस्त करायला म्हणून त्याला घेतला, त्याच वर्षी शाळेत कम्प्युटर आले, आणि ज्याच्या हातात पक्कड त्याच्याकडे कम्प्युटर या न्यायानं दोन प्रयोगशाळा त्याच्या गळ्यात पडल्या. हुद्दा मात्र पंख्यांचाच राहिला.

लुकांगमधली आमची व्यवसाय शाळा काही फार मोठी नाही. मी तिथं भाषा शिकवायचो, म्हणून सगळे मला श्यू लाओशी, म्हणजे श्यू गुरुजी म्हणत. वांग-को बुटका, कानामागे पेन्सिल, पायात निळ्या प्लास्टिकच्या सपाता. बोलायला महाकंजूष. कुणी कम्प्युटरची तक्रार घेऊन आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"नक्कल काढलीय?"

भरतकाम शिकवणाऱ्या श्ये बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो वांग-को, मला फक्त अक्षर मोठं करून हवंय!"

"करू की. नक्कल काढलीय?"

"अक्षर मोठं करायला कसली नक्कल?"

"मग आधी कामाची नक्कल काढून दुसरीकडे ठेवा, मग अक्षर मोठं करू," असं म्हणून तो परत पंख्याच्या शिडीवर चढला. श्ये बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "श्यू लाओशी, हा माणूस देवळात गेला तर देवाला विचारेल, तुझी नक्कल काढलीय का म्हणून."

तर अशा या माणसाची ही हकीकत. साल आमच्या पंचांगाप्रमाणे अठ्ठ्याण्णवावं, म्हणजे इंग्रजी दोन हजार नऊ. वसंत ऋतूत वरून पत्र आलं की येत्या सप्टेंबरपासून शाळेतला प्रत्येक कम्प्युटर लिनक्सवरही चालला पाहिजे. नुसतं लिनक्सवर नव्हे, लिनक्सवर'ही', हे त्यातल्या त्यात नशीब. कारण मुलांच्या परीक्षा होत्या विंडोज एक्सपीवर. आणि भरतकामाच्या मशिनींना नक्षी पाठवणारा जो प्रोग्राम होता, तो जुन्या विंडोज अठ्ठ्याण्णवशिवाय कुणाशी बोलायलाच तयार नव्हता. तो बनवणारे लोक धंदा गुंडाळून कधीच गेलेले. म्हणजे एकेका कम्प्युटरात आता तिघांनी राहायचं, तेही एकमेकांचं तोंड न बघता. सुरू करताना पडद्यावर तीन नावं येणार, ज्याला बोलवाल तो उठणार, बाकीचे दोघे झोपून राहणार. हे जमवायचं तर डिस्कचे हिस्से पाडावे लागतात, आणि हिस्से पाडायला साधन लागतं. ते चुकीचं निघालं तर हिस्से पडतात, पण आतलं सामान जातं.

वांग-को पत्र वाचून शाळेचे व्यवस्थापन-प्रमुख वेई साहेब यांच्याकडे गेला. मी तिथं खडू मागायला गेलो होतो, त्यामुळे हे सगळं मी कानांनी ऐकलं.

"साहेब, माझ्याकडे सीडी आहे. दोन्ही प्रयोगशाळा मिळून चौऱ्याऐंशी कम्प्युटर. सुट्टीत चार दिवसांत करून टाकतो."

"कुठली सीडी?"

"फुकटची आहे. जगभरचे लोक मिळून बनवतात. मी सहा वर्षं तीच वापरतोय."

"फुकटची?" वेई साहेबांनी चष्मा काढला. वांग-कोनं 'चोरीची' म्हटलं असतं तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता. चोरीच्या वस्तूला निदान किंमत असते. "न्येन, हा सरकारी आदेश आहे. असं खिशातून सीडी काढून चालत नाही. तीन साधनं समोर ठेवायची, तुलना करायची, गुण द्यायचे, मग निवडायचं. समिती नेमू."

आणि समिती नेमली. डिस्क विभाजन साधन निवड समिती. अध्यक्ष वेई साहेब. श्ये बाई, कारण भरतकामाचा प्रश्न होता. व्यायामाचे लिआव सर, कारण ते सैन्यात वायरलेसवर होते. ग्रंथपाल बाई, कारण कुठल्याही समितीत त्या असतातच. आणि मी, कारण माझं अक्षर चांगलं. वांग-को नव्हता. मी विचारलं तर वेई साहेब म्हणाले, "श्यू लाओशी, जो माणूस ते साधन वापरणार आहे, तो निवड करताना तटस्थ कसा राहील?"

मी तेही सुंदर अक्षरात लिहून घेतलं. 

पहिल्या बैठकीचा सगळा वेळ अठ्ठ्याण्णवात गेला. वेई साहेबांनी कागद वर धरला. "इथं लिहिलंय, जुनी विंडोज अठ्ठ्याण्णव. अहो, अठ्ठ्याण्णव तर यंदाचंच साल! मग ती जुनी कशी?"

श्ये बाई म्हणाल्या, "साहेब, ते परदेशी साल आहे. आपलं सत्त्याऐंशी."

"मग आपल्या कागदावर सत्त्याऐंशी लिहा."

"पण तिचं नावच अठ्ठ्याण्णव आहे."

"नाव बदला."

लिआव सरांनी मधला मार्ग सुचवला की दोन्ही लिहावं. तेव्हापासून आमच्या सगळ्या कागदांत 'विंडोज अठ्ठ्याण्णव, म्हणजे सत्त्याऐंशी' असा उल्लेख आहे. पुढे तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं त्यावरून कम्प्युटरात चार जण राहतात असा समज करून घेतला, पण ते फार नंतर.

तिसऱ्या बैठकीला वांग-कोला 'निमंत्रित' म्हणून बोलावलं आणि दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. त्या दिवशी हिस्से ठरवायचे होते.

"डिस्क एकशेसाठ जीबीची," वेई साहेब म्हणाले. "तीन समान भाग करू. कुणाची तक्रार नको."

"साहेब, जुनीला एवढं देऊन काय उपयोग?" वांग-को म्हणाला. "तिला आठ रग्गड झाले. पण ती डिस्कच्या अगदी तोंडाशी हवी. फार आत ठेवली तर तिची जागा तिलाच सापडत नाही."

"तोंडाशी? पत्र लिनक्ससाठी आलंय. लिनक्स पहिलं."

"लिनक्स शेवटी बसवायचं. आधी जुनी विंडोज, मग एक्सपी, मग लिनक्स. हा क्रम मोडला तर मागून आलेली विंडोज दारावरची सगळ्यांची पाटी काढते आणि स्वतःची लावते. बाकीचे आत असतात, पण दार कुणी उघडत नाही."

वेई साहेब विचारात पडले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे सेवाज्येष्ठतेनुसार?"

वांग-कोनं कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. "हो साहेब. सेवाज्येष्ठतेनुसार."

ठराव एकमतानं पास झाला. तीन बैठकांतला हा एकमेव शहाणपणाचा ठराव, आणि तोही सगळ्यांना चुकीच्या कारणासाठी पटलेला.

उठता उठता मी विचारलं, "वांग-को, साधन निवडायचं कसं, तुम्हीच सांगा ना."

तो स्टूल जागेवर ठेवायला वळला. मला वाटलं प्रश्नच ऐकू आला नाही. मग म्हणाला, "तीनच गोष्टी बघतो मी. एक, ते स्वतःच्या सीडीवरून उठलं पाहिजे. ज्या फरशीवर उभे आहात तीच कापायची म्हटलं तर कसं व्हायचं? दोन, तिघांचीही बोली त्याला कळली पाहिजे. ज्याला लिनक्सचा हिस्सा दिसतच नाही, ते त्याला मोकळी जागा समजतं आणि हात घालतं. तीन, काय करणार ते आधी दाखवलं पाहिजे, आणि मी 'कर' म्हणेपर्यंत गप्प बसलं पाहिजे."

मी हे शब्दशः इतिवृत्तात लिहिलं. वेई साहेबांनी वाचून आडवी रेघ मारली. "फार थोडक्यात आहे," म्हणाले. "शंभर गुणांचा तक्ता हवा."

तक्ता झाला. खोक्याचा दर्जा, माहितीपुस्तकाची पानं, पडद्याची रंगसंगती, आपल्या लिपीतल्या सूचना, आणि तीस गुण किमतीला. साधनं तीन. पहिलं परदेशी, तीनशे बारा पानांचं पुस्तक असलेलं. दुसरं 'सोनेरी खेकडा' नावाचं, खोक्यावर डिस्क कापणारा खेकडा. तिसरी वांग-कोची सीडी, जिच्यावर मार्करनं 'वाटणी, चौथी प्रत' असं लिहिलेलं. खोक्याच्या सदरात तिला शून्य, पुस्तकाच्या सदरात शून्य. किमतीत तरी ती मुसंडी मारेल असं मला वाटत होतं. पण नियम असा होता की सगळ्यात कमी किमतीला प्रत्येकाच्या किमतीनं भागायचं. सगळ्यात कमी किंमत म्हणजे शून्य. त्यामुळे बाकीच्या दोघांना शून्य गुण मिळाले, आणि वांग-कोच्या सीडीसमोर शून्याला शून्यानं भागून तक्त्यानं 'चूक' असा शब्द छापला.

"बघा," वेई साहेब हळहळून म्हणाले. "साधा तक्ता भरताना जे चूक दाखवतं, ते साधन मुलांच्या कम्प्युटरात कसं घालायचं?"

तिसरी सीडी बाद झाली.

मेच्या अखेरीस, नौकांच्या सणाच्या आदल्या दिवशी, सोनेरी खेकड्याचं प्रात्यक्षिक ठरलं. विक्रेता फांग नावाचा होता. टाय, चकचकीत बूट, हसू तर चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखं. प्रात्यक्षिक कुणाच्या कम्प्युटरवर करायचं? प्रयोगशाळेचा कम्प्युटर म्हणजे अपमान, असं वेई साहेबांना वाटलं. त्यांनी थेट मुख्याध्यापकांचा देऊ केला.

मुख्याध्यापक चुआंग हा अतिशय सज्जन माणूस. इतका, की शिपायाला हाक मारायच्या आधी स्वतः खोकून त्याला सावध करायचे. नऊ वर्षं ते शाळेचा इतिहास लिहीत होते. चारशे अकरा पानं झाली होती आणि शाळा अजून तिसऱ्या इमारतीत पोचायची होती. ती पानं तपासायचं काम माझ्यावर होतं. ती सगळी त्याच कम्प्युटरात होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या कम्प्युटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलेला होता. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर असतो. पुडा असला की मशीन शहाण्यासारखं वागतं. तो हिरवाच हवा, आणि फोडलेला नको. वांग-कोसुद्धा ठेवायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं. "मशीनला काय कळतंय?" तो म्हणायचा. "पण पुडा बघितला की माणसं उगाच हात लावत नाहीत."

फांगनं बाह्या सरसावल्या. आम्ही पाच जण, मुख्याध्यापक, आणि दारात वांग-को.

"नक्कल काढलीय?" दारातून प्रश्न आला.

फांग मनापासून हसला. "दादा, नक्कल काढायची ती जुन्या साधनांना. खेकड्याला गरज नाही. हे बघा, एकच बटण. 'चतुर वाटणी'. आपण काही विचारायचं नाही, तोही आपल्याला काही विचारत नाही."

"तेच म्हणतोय मी," वांग-को म्हणाला.

"न्येन, पाहुण्यांना बोलू द्या," वेई साहेब म्हणाले.

फांगनं बटण दाबलं. पडद्यावर खेकडा आला, नांग्या हलवू लागला. ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग खेकडा थांबला आणि लाल पट्टी आली. तिच्यावर लिहिलं होतं की जुनी रचना काढून टाकली, आता नवे हिस्से पुसून तयार करत आहे.

"पुसून?" मुख्याध्यापक हळूच म्हणाले.

"ती बोलायची पद्धत असते सर," फांग म्हणाला, पण त्याच्या हसण्याची इस्त्री मोडली होती.

तेवढ्यात लिआव सर पुढे धावले आणि त्यांनी भिंतीतला प्लगच उपटला. खेकडा नाहीसा झाला. पंखा थांबावा तशी खोली थांबली.

परत चालू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की इथं कुणी सापडत नाही.

वेई साहेब लिआव सरांवर ओरडले, "सैन्यात हेच शिकवलं का तुम्हाला?" लिआव सर प्लग हातात धरून उभे, चेहरा पांढराफटक. फांग म्हणाला, "कंपनीला फोन करतो," आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं फाटकाशी स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मुख्याध्यापक खुर्चीत बसले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "माझं लिखाण आतच आहे ना हो?"

 तेव्हा वांग-को सपाता दाराबाहेर काढून आत आला, कम्प्युटरपाशी उकिडवा बसला.

"आता कुणी चालू करू नका. एकदाही नको." मग लिआव सरांकडे वळून, "प्लग तुम्ही काढलात?"

"मला वाटलं की... म्हणजे एकदम लाल..."

"बेस केलंत."

लिआव सरांना ते खरंच वाटेना.

"त्यानं हिस्स्यांची नोंद फाडली," वांग-को म्हणाला. "पण पुसायला हात घालायच्या आत वीज गेली. सामान जागेवर असणार. कुठून कुठवर कोणाचं, एवढंच हरवलंय. तीन महिन्यांत या समितीनं केलेलं पहिलं काम म्हणजे लिआव सरांनी प्लग काढला ते."

वेई साहेबांनी हे इतिवृत्तात घेऊ नये अशी मला खूण केली.

वांग-कोनं डिस्क बाहेर काढली, दोन्ही हातांत धरून प्रयोगशाळेत नेली. सगळ्यात आधी त्यानं काय केलं असेल? आख्ख्या डिस्कची नक्कल काढली. मोडलेली, नोंद हरवलेली, आहे तशी. शोधायचं ते त्या नकलेवर, मूळ डिस्कला बोट लावायचं नाही. नक्कल निघायलाच दोन तास लागणार होते. मुख्याध्यापक बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. मी वांग-कोबरोबर आत. त्याच्या बायकोनं सणाचे, बांबूच्या पानात बांधलेले भाताचे पुडे दिले होते. त्यानं एक मला दिला. पडद्यावर आकडे सरकत होते. आम्ही दोरे सोडून चिकट भात खात बसलो.

"वांग-को, पहिल्यापासूनच तुम्ही असे नक्कलवाले?" मी सहज विचारलं.

तो भातातलं खारं अंडं बाजूला काढून ठेवत होता. शेवटी खायला.

"नाही. माझं बाजारामागच्या गल्लीत दुकान होतं. पंच्याऐंशी साली. दिवसाला आठ-आठ डिस्का कापायचो. लुकांगमध्ये माझ्याएवढा हात कुणाचा चालत नव्हता." दोरा बोटाला गुंडाळत म्हणाला, "माझे तिसरे काका कम्प्युटर घेऊन आले. आमच्या न्येन कुळाची वंशावळ लिहीत होते ते. जुन्या पोथ्यांवरून, देवघरातल्या पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांवरून. दोन बोटांनी टाइप करायचे. सहा वर्षं चाललं होतं. त्यांना जुनं डॉस ठेवून शेजारी नवीन विंडोज पाहिजे होती. काय अवघड आहे? साधनानं विचारलं, नक्की करू? मी हो दाबलं. दिवसाला शंभर वेळा दाबायचो. वाचलंसुद्धा नाही."

"गेलं?"

"सगळं. आणि मी वर नवीन विंडोज बसवूनही मोकळा झालो होतो. आतलं सामान दडपलं गेलं. तेव्हा हे शोधायचं वगैरे मला येतही नव्हतं."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, आ-वांग, जेवून जा." त्यानं पान चुरगाळलं. "एवढंच. काकूंनी ताट वाढलं, मी जेवलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहिल्या पिढीपासून परत टाइप करायला घेतलं. एकोणिसाव्या पिढीपर्यंत आले, आणि गेले. एकदा तरी आईवरून शिवी घातली असती ना लाओशी, तर मी दुकान बंद केलं नसतं."

मी दोरे गोळा करायला लागलो. तो उठून आकडे बघायला गेला. त्या माणसाबरोबर मी नऊ वर्षं एका छपराखाली काम करत होतो आणि त्याच्या प्रश्नावर हसत होतो.

नक्कल झाली. मग त्यानं आपली बाद झालेली सीडी घातली आणि शोध सुरू केला. ते काम म्हणजे डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि कुठं कुणाच्या हद्दीची खूण दिसते का ते बघायचं. पहिली खूण सापडली ती खोटी निघाली, कुठल्या तरी जुन्या काळातली. वांग-कोनं मान हलवली. दुसरी सापडली. त्यानं आत डोकावून नावं वाचली, पेन्सिलनं हद्दीचे आकडे कागदावर उतरवले, दोनदा ताडून पाहिले. मग चार वाजायच्या सुमारास दार उघडून म्हणाला, "सर, या."

मुख्याध्यापक चुआंग आत आले. त्यांनी थेट चारशे अकरावं पान उघडलं, शेवटची ओळ वाचली. मग उठून त्यांनी वांग-कोचा हात दोन्ही हातांत धरला.  आणि एवढंच म्हणाले, "शिफू." म्हणजे उस्ताद. पंखे व दिवेवाल्या माणसाला शाळेत आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. वांग-को पायांकडे बघत राहिला, आणि मग त्याला आठवलं की सपाता बाहेर आहेत.

मलाही मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं की ती चारशे अकरा पानं मला अजून तपासायची आहेत, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, समितीचे डोळे उघडले. उघडले, पण वेगळ्या दिशेनं. दुर्घटनेची चौकशी करायला तीच समिती परत बसली. दोन बैठका झाल्या. लिआव सरांनी मुख्याध्यापकांच्या कम्प्युटरवरचा हिरवा पुडा उलटापालटा करून पाहिला, आणि एकदम ओरडले, "मार्च! याची मुदत मार्चमध्येच संपलीय!"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खेकडा नाही, फांग नाही, बटण नाही, प्लग नाही. पुडा! अहवालात मी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं की दुर्घटनेस मुदतबाह्य पुडा कारणीभूत असून यापुढे सर्व पुड्यांची दरमहा तपासणी व्हावी. त्या तपासणीचे प्रमुख लिआव सर. आजही आहेत की नाही कल्पना नाही, पण पुढची चार वर्षं ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शिट्टी गळ्यात अडकवून वर्गावर्गांतून पुडे तपासत फिरत होते, आणि मुदत संपत आलेले पुडे त्यांच्या व्यायामशाळेत खाल्ले जात होते.

फांग फोन उचलेना, म्हणून खेकडाही बाद झाला. उरलं परदेशी साधन. तेच निवडलं गेलं. खोकी यायला ऑक्टोबर उजाडणार होता, आणि आदेश होता सप्टेंबरचा. ही अडचण समितीच्या ध्यानात आली नाही, कारण समितीचं काम निवडण्याचं होतं.

जुलैत शाळा रिकामी झाली. वांग-कोनं कुणाला न विचारता प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. आधी एका कम्प्युटरवर तिघांना क्रमानं बसवलं. ती सेवाज्येष्ठता. दिवसभर उलटसुलट चालू-बंद करून बघितलं. मग त्या एका डिस्कची नक्कल बाकीच्या त्र्याऐंशींवर उतरवली. चार दिवस म्हणाला होता, साडेतीन लागले. उरलेल्या अर्ध्या दिवसात त्यानं पंखे पुसले.

पहिली परीक्षा श्ये बाईंनी घेतली. जुनी विंडोज उठवली, मशिनीला पिओनीच्या फुलाची नक्षी पाठवली. सुई धडधडत चालली, लाल पाकळ्या उमटल्या, हिरवं पान उमटलं. बाई वाकून टाके मोजत होत्या. "वांग-को," त्या म्हणाल्या, "एक टाका इकडचा तिकडे नाही हो." आणि त्यांनी ते फूल कापून, फ्रेम करून, त्याला दिलं. त्यानं ते खोलीतल्या फ्यूजच्या डब्याच्या दारावर चिकटवलं.

सप्टेंबरात तपासणी झाली. अधिकाऱ्यानं कम्प्युटर चालू केला, तीन नावं बघितली. "वा! कोणतं साधन वापरलंत?"

"निवड समितीनं सविस्तर अभ्यास करून निवडलेलं," वेई साहेब म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना खरंच तसं वाटत होतं. खोकी आली की नाही हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

नोव्हेंबरात गौरवाची पितळी पाटी आली. पाच नावं. माझं तिसरं. ती मुख्य जिन्यात लावली, म्हणजे रोज चार वेळा माझं मलाच वाचावं लागे. आठवड्यानं मी मनाचा हिय्या करून वांग-कोकडे गेलो.

"वांग-को, त्या पाटीवर खरं तर..."

"लाओशी, छान झालंय की," तो ट्यूबलाइटचा चोक बदलता बदलता म्हणाला. "आता बाहेरच्या शाळांतून फोन येतात, तुमची डिस्क कुणी कापली म्हणून. मी पाटी वाचून तुमचा नंबर देतो."

थट्टा असेल असं मला वाटलं. संध्याकाळी युआनलिनच्या एका शाळेतून फोन आला तेव्हा कळलं की थट्टा नव्हती. मी त्यांना सांगितलं, आधी समिती नेमू नका. पुढे काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून फोन वांग-कोच्या हातात दिला. तो त्यांच्याशी पाऊण तास बोलला. एवढं बोलताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

मुख्याध्यापक चुआंग त्यानंतर दर शुक्रवारी प्रयोगशाळेत यायला लागले. कुणी बोलवत नसे. स्वतःच्या हातानं पानांची प्रत काढायला ते शिकले. सुरुवातीला प्रत्येक पायरी दोनदा विचारायचे, मग जमलं. निवृत्त होईपर्यंत त्यांचा एकही शुक्रवार चुकला नाही.

पुढं दिवस बदलले. भरतकामाची नवी मशीनं आली, ती कुठल्याही कम्प्युटरशी बोलायची. लिनक्सचं पत्र ज्यानं पाठवलं त्याची बदली झाली आणि पत्र मागं पडलं. नवे कम्प्युटर आले, प्रत्येकात एकच बिऱ्हाड. डिस्कचे हिस्से पाडायचा प्रसंगच येईना. वांग-को पुन्हा पंखे व दिव्यांकडे वळला आणि तीन वर्षांनी निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात वेई साहेबांनी त्याच्या पंखेदुरुस्तीची मनापासून तारीफ केली.

गेल्या शरदात मी तैचुंगला गेलो होतो. त्याच्या मुलीचं तिथं नाश्त्याचं दुकान आहे. वांग-को तव्यामागे उभा होता, अंगात एप्रन, अंड्याची पोळी उलथण्यानं गुंडाळत. मला बघून म्हणाला, "श्यू लाओशी! बसा. सोयाचं दूध गरम देऊ की गार?"

बसलो. लिआव सर कसे आहेत, श्ये बाईंच्या गुडघ्याचं काय झालं, सगळं विचारून झालं. गिऱ्हाइकांची रांग लागली होती. एक कॉलेजची मुलगी वैतागून मोबाइल आपटत होती, फोटो सापडत नाहीत म्हणून. वांग-कोनं उलथणं आपल्या मुलीच्या हातात दिलं, एप्रनला हात पुसले आणि त्या पोरीसमोरचं स्टूल ओढून बसला. माझी पोळी त्याच्या मुलीनं करपवली. मी ती तशीच खाल्ली.